मुकं स्टिअरिंग आणि धुळ्याचा मायरा

मोठ्या गाड्यांचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. गल्ली आठ फुटांची आणि गाडी सात फुटांची, मग पायी चालणाऱ्यानं भिंतीत शिरायचं का? हा प्रश्न मी पुण्यात चौकाचौकांत पत्रकं वाटून विचारलेला आहे. आमची संघटना लहान आहे, पत्रकं मात्र मोठ्या टायपात असतात. तेव्हा उंची एसयूव्हीच्या मालकाची तक्रार सोडवायला मी जळगावला निघाले, त्याचं संघटनेत सगळ्यांना हसू आलं. एक जण म्हणाला, "आता श्रीमंतांचीही पत्रकं काढणार का?"

काढणार होते. तक्रारच तशी होती. माझी हॉस्टेलची मैत्रीण सपना लग्न करून जळगावला गेली. घर मारवाडी, राजस्थानातून कापसाच्या व्यापारासाठी आलेलं आणि चार पिढ्या इथेच मुरलेलं. धरणगावला त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे चंपालालभाऊंनी, नवी महागडी गाडी घेतली होती. तिचं स्टिअरिंग 'बधिर' आहे, असं त्यांचं म्हणणं. शोरूमवाल्यांनी तीनदा तपासून तीनदा 'सगळं ठीक आहे' म्हणून परत पाठवलं. एवढे पैसे मोजलेल्या माणसाला हे लोक असं परत पाठवतात, तर हप्त्यावर गाडी घेणाऱ्याचं काय करत असतील? मी बॅग भरली. पत्रकाचा मथळा प्रवासातच सुचला: 'तुमच्या हातातला रस्ता कोणी चोरला?'

जळगाव

भाऊ दारातच उभे होते. पांढरा सदरा, पांढरे केस, आणि आवाज आख्ख्या जिनिंगच्या खडखडाटावर मात करायची सवय असलेला.

"या पत्रकवाल्या ताई. आधी चहा की आधी गाडी?"

"आधी गाडी," मी म्हणाले.

"बरोबर. चहा काय, पुण्यातही मिळतो."

तक्रारीला घाई होती आणि घाईचं कारण काकींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीनं, मला जिन्यातच सांगितलं. धुळ्याला भाऊंची मोठी बहीण असते. तिच्या नातीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. मारवाडी घरात लग्न असलं की बहिणीच्या माहेरचा भाऊ कपडे, दागिने, मिठाई घेऊन वाजतगाजत तिच्या दारी जातो आणि तिच्या डोक्यावर चुनरी घालतो. त्याला मायरा म्हणतात. भाऊंनी आजवर बहिणीकडचा प्रत्येक मायरा स्वतः गाडी चालवत नेला होता. मुलगा, म्हणजे सपनाचा नवरा, म्हणत होता, ड्रायव्हर घेऊ. भाऊ म्हणत होते, मायरा पगारी हातानं जात नाही.

"नवीन गाडीत बसले की घाबरतात," काकी म्हणाल्या. "बोलत नाहीत, पण घाबरतात. जुनी न्या म्हटलं, तर म्हणतात, बहिणीच्या दारात जुनी गाडी लावू? तू त्या कंपनीला दम दे आणि ते स्टिअरिंग नीट करून घे. नाहीतर हे जाणार कसे?"

मी दम द्यायलाच आले होते.

शोरूम नशिराबादच्या बाजूला हायवेवर आहे. आत इतकं थंड आणि गुळगुळीत, की चपलांचाही आवाज होत नाही. सर्व्हिसचा मुख्य इंजिनियर माझ्याच वयाचा होता. मी आवाज चढवला, तो चढला नाही. त्यानं दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करायला लावल्या: भाऊंची जुनी आणि भाऊंची नवी.

फरक असा. जुन्या गाडीत स्टिअरिंगला तेलाची मदत असते. इंजिन पट्ट्यानं पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो, तो दाब चाकं वळवायला हातभार लावतो. इंजिन चालू आहे तोवर पंप चालू, वळा किंवा न वळा, म्हणजे डिझेल फुकट. शिवाय तेल गळतं, नळ्या चिरतात. पण चाकाखाली खडा आला तर त्याची खबर त्याच वाटेनं उलटी हातापर्यंत येते. याला हायड्रॉलिक म्हणतात. नव्या गाडीत तेल नाही, पंप नाही. तुम्ही चक्र किती जोरानं फिरवताय हे सेन्सर मोजतो, कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर मोटरला सांगतो आणि मोटर चाकं वळवते. वळायचं असेल तेव्हाच वीज खाते. पार्किंग स्वतः करते, रेघ सोडून चाललात तर परत आणते. आणि खाचखळग्यांची खबर वर यायची असेल, तर कॉम्प्युटर ठरवतो की साहेबांना यातलं किती कळवायचं.

"म्हणजे सेन्सॉर," मी म्हणाले.

"म्हणजे आराम," इंजिनियर म्हणाला. "लोक आरामाचे पैसे देतात, मॅडम."

मग त्यानं एक बटण दाबलं. स्टिअरिंग एकदम जड झालं. म्हणाला, ज्यांना जुन्यासारखं हवं असतं त्यांच्यासाठी हा स्पोर्ट मोड.

भाऊंनी जड झालेलं चक्र दोन्हीकडे फिरवून पाहिलं आणि हात काढून घेतला.

"हे वजन खोटं आहे. तराजूवर अंगठा ठेवून वजन वाढवतात ना, तसं. वजन वाढलं, माल तेवढाच."

मी ते वाक्य तिथेच मोबाइलमध्ये टिपलं. पत्रकाला यापेक्षा चांगलं काय हवं होतं? इंजिनियरनं मशीन जोडून आकडे दाखवले, सगळे हिरवे. भाऊ म्हणाले, "मशीनला काय विचारता? हाताला विचारा." आणि आम्ही चौथ्यांदा 'सगळं ठीक आहे' ऐकून बाहेर पडलो.

परत येताना नवी गाडी सपनानं चालवली. इथे मला कबूल करावं लागतं की मी भारावले. दाणाबाजारातल्या त्या चिंचोळ्या रस्त्यात एका बाजूला हातगाड्या, दुसऱ्या बाजूला पोत्यांचे टेम्पो, मध्ये एक गाय, आणि सपना ते दोन टनांचं धूड असं फिरवत होती जसं ताटात वाटी सरकवावी. एक बोट, दोन बोटं. पुण्यात तिला स्कूटरही धड स्टँडवर लावता येत नव्हती.

"हात दुखत नाहीत ना," ती म्हणाली. "जुनी मी कधी चालवलीच नाही. ती पापाजींची आहे."

भाऊ मागच्या सीटवर होते, हे लिहायला हवं, कारण मला एक गोष्ट तेव्हाच खटकली. सपनाला एका वळणावर शंका आली तेव्हा ती मला म्हणाली, "पापाजींना विचार, उजवीकडून घेऊ का?" पापाजी दोन हातांच्या अंतरावर बसलेले. मी मान वळवून विचारलं. ते मला म्हणाले, "तिला सांग, सरळच घे. पुढे जागा आहे."

घरी मी तिला धारेवर धरलं. हे काय चाललंय? तू एमकॉम आहेस, जिनिंगचं आख्खं ऑफिस सांभाळतेस, आणि सासऱ्याशी बोलत नाहीस?

"भांडण नाही गं," ती म्हणाली. "आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. घुंगट गेला, तोंड दिसतं, पण बोलणं मम्मीजींमार्फत. मला काही त्रास होत नाही."

"लग्नाला नऊ वर्षं झाली."

"ते मला कधी एक कडू शब्द बोललेले नाहीत."

"गोडही नाही."

ती हसली आणि शेवभाजी वाढायला उठली. त्या रात्रीच्या शेवभाजीनं माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून जो संताप बाहेर काढला, तेवढा कुठल्या मोर्चात निघाला नव्हता. पुण्यात आम्ही तिखट म्हणतो ते खरं म्हणजे लाल रंगाचं असतं, एवढंच.

धरणगाव

दुसऱ्या दिवशी भाऊंनी ठरवलं की मला खरं स्टिअरिंग काय असतं ते शिकवायचं. जुनी गाडी घेऊन आम्ही दोघं धरणगावच्या रस्त्याला लागलो. काकी आणि सपना नव्या गाडीतून मागून येणार होत्या. धरणगावजवळ शिवारात नानांकडे भरिताचं जेवण होतं. नाना म्हणजे जिनिंगला पिढ्यान्‌पिढ्या कापूस घालणारे शेतकरी आणि भाऊंचे शाळेपासूनचे दोस्त.

पाळधीच्या पुढे भाऊंनी गाडी बाजूला घेतली. "बस इकडे. चालव. लायसन आहे ना?"

बसले. पहिल्या वळणालाच खांदे बोलायला लागले. पण खोटं कशाला सांगू, मजा आली. डांबर संपून खडी लागली की हातात बारीक कुरकुर येई. बैलगाडीची चाकोरी आडवी गेली की तळव्यात दोन टिचक्या बसत. भाऊ डोळे मिटून शेजारी बसले होते आणि बोलत होते, "रस्ता बोलतो, बघ. मी या रस्त्यानं चाळीस हंगाम गेलोय. अंधारात सांगेन कुठे आलो ते." दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता, मध्येच केळीचे गच्च हिरवे पट्टे, आणि गाडीत तेलाचा एक जुना, गरम, चांगला वास. माझ्या मनात पत्रकाचा दुसरा परिच्छेद तयार होत होता.

थोड्या वेळानं स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. किंचित. सोबत एक मऊ फडफड.

"भाऊ, हे असं डावीकडे खेचतं का नेहमी?"

"खेचतं? दे इकडे."

आम्ही जागा बदलल्या. भाऊंनी थोडं अंतर चालवलं, चक्रावर तळवे फिरवले आणि ठामपणे म्हणाले, "काही खेचत नाही. तीरासारखी सरळ चाललीय. रस्ता बोलतोय, तुला त्याची भाषा येत नाही."

मला ते पटलं. चाळीस हंगामांपुढे माझी अर्ध्या तासाची भाषा काय टिकणार? नानांच्या शेताच्या बांधाशी गाडी थांबेपर्यंत भाऊच चालवत होते.

नाना खांद्यावरचं उपरणं झटकत सामोरे आले. भाऊंना रामराम करायच्या आधी त्यांची नजर खाली गेली.

"चंपाभाऊ, हाई काय शे? डावं चाक बठ्ठं बसी गये. आठे लगून असंच उनात का?"

पुढचं डावं चाक खरंच जमिनीला टेकायला आलं होतं. टायरच्या कडा दुमडल्या होत्या. खिळा पाळधीच्याच आसपास घुसला असावा. एवढ्या बसलेल्या चाकावर गाडी आणली, तर हायड्रॉलिक स्टिअरिंग हातातून ओढून काढल्यासारखं भांडतं. माझ्याशी भांडलं होतं. भाऊंना सरळ वाटलं होतं.

त्यांनी चाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तोंड उघडत होते, पण नाना म्हणाले, "भरीत निवी राह्यनं, आधी जेवाले चला. चाक पळी थोडंच जाणार शे." मागून पोचलेल्या काकी-सपनासकट सगळे हसले आणि भाऊही हसले, पण फक्त तोंडानं.

आता भरिताबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुण्यात आम्ही ज्याला भरीत म्हणतो त्यात दही आणि साखर घालतो, आणि ते मी इथे बोलून बसले. नानांच्या घरातल्या बायकांनी माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, त्या करुणेनं फक्त आजारी माणसाकडे पाहतात. इथली वांगी हिरवट पांढरी, वीतभर लांबीची. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात ती भाजतात. कोळशावर किंवा गॅसवर तो धूर लागत नाही. साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात, मग हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल. केळीच्या पानावर भरीत, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. काकी कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून त्यांचं भरीत वेगळ्या भांड्यात ठेचलेलं होतं आणि त्यावर झाकण ठेवून नानांच्या सूनबाई पहारा देत होत्या. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पत्रक विसरले.

जेवणानंतर नानांनी घरातून नव्या वेचणीचा कापूस ओंजळभर आणून भाऊंच्या हातात दिला. हे दरवर्षीचं असावं, कारण कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. भाऊंनी एक पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढला, धाग्याची लांबी पाहिली. मग मूठ मिटली. बराच वेळ मिटलेलीच ठेवली. कापसात ओल किती, हे मुठीत दाबून कळतं. त्या एका मुठीवर या माणसाचा सगळा व्यापार उभा राहिलेला होता.

मग त्यांनी तो कापूस आपल्या हातानं सपनाकडे दिला नाही. खाटेच्या कडेवर ठेवला आणि काकींना म्हणाले, "तिला विचार, ओल आहे का."

सपनानं उचलला, दाबला, काकींना सांगितलं, "थोडी आहे, मम्मीजी. दोन उन्हं द्यायला हवीत."

"बराबर शे," नाना म्हणाले. "काल दव पडेल व्हतं."

भाऊ खाटेवर टेकले. आपले दोन्ही तळवे त्यांनी गुडघ्यांवर उताणे ठेवले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत.

"मला नाही कळली," ते म्हणाले. "पावसाळ्यापासून नाही कळत. बोटांना मुंग्या येत होत्या, मग त्याही यायच्या थांबल्या. शुगरमुळे होतं म्हणे. वाटलं, कापूस बदलला असेल. मग वाटलं, गाडी बदलली म्हणून असेल." तळव्यांकडे बघत म्हणाले, "आज चाकानं सांगितलं. स्टिअरिंग चांगलंच आहे. हात मुका झालाय."

दूरवर एक मोटर पाणी ओढत होती.

अशा वेळी गप्प बसावं हे मला कळतं. पण मी ज्या कामात आहे त्यात गप्प बसण्याची किंमत तिसराच कुणीतरी रस्त्यावर भरतो. मी म्हणाले, "भाऊ, मग तुम्ही गाडी चालवू नका. जुनी नाही, नवीही नाही. उद्या धुळ्याला तर अजिबात नाही."

"अगं," काकी म्हणाल्या, "कंपनीला दम द्यायला बोलावलं होतं तुला."

"दम ज्याला द्यायचा त्यालाच दिला, काकी."

नाना भाऊंकडे पाहत म्हणाले, "पोर तिखट शे रे, चंपा."

"भरीत तिनं तीन भाकऱ्यांशी खाल्लं," भाऊ म्हणाले. "तिखट उतरणारच." आणि उठून चाक बदलायला गेले. पाना नानांच्या मुलानं चालवला. भाऊ शेजारी उभे राहून सांगत होते, आणि एकदाही हात लावला नाही.

धुळ्याकडे

त्या रात्री मी पत्रकाचा मथळा खोडला. चोर सापडला नव्हता, कारण चोरी झालीच नव्हती. मात्र एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकून राहिली. नव्या गाडीत चाकातली हवा कमी झाली तर समोरच्या पडद्यावर दिवा लागतो. स्टिअरिंग थोडं ओढत असेल तर मोटर ते परस्पर सावरते आणि हाताला कळूही देत नाही. मी ज्याला सेन्सॉर म्हणाले, तो मुक्या हाताच्या माणसाला डोळ्यांनी वाचता येईल असं काहीतरी देत होता. ते मला पटत नाही आणि खोडताही येत नाही. अजूनही नाही.

सकाळी अंगणात दोन्ही गाड्या धुऊन उभ्या होत्या. मायऱ्याची ताटं लाल कापडानं झाकलेली. भाऊ तयार होते, डोक्यावर केशरी फेटा. सगळे त्यांच्या खिशाकडे पाहत होते, कारण दोन्ही किल्ल्या खिशात होत्या.

त्यांनी नव्या गाडीची किल्ली मुलाला दिली. "तुझ्या मुलांना घेऊन पुढे हो."

मग जुन्या गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली आणि काकींना म्हणाले, "तिला सांग, मायरा ती नेईल. याच गाडीनं."

"बहिणीच्या दारात जुनी गाडी?" काकी म्हणाल्या.

"आजवरचे सगळे मायरे हिनंच नेलेत. हिला कसली लाज?"

सपनानं माझ्याकडे पाहिलं. दोन टन लोखंड, खांदे बोलायला लावणारं चक्र, हायवे, आणि शेजारच्या सीटवर सासरे, ज्यांच्या शेजारी ती आजवर कधी बसली नव्हती. तिनं पदर खोचला, किल्ली उचलली.

बसायची व्यवस्था अशी झाली: सपना चालवायला, भाऊ तिच्या शेजारी, मागे ताटांच्या पहाऱ्याला काकी आणि मी. एरंडोल यायच्या आतच काकींनी जाहीर केलं, "मला गाडीत झोप लागते. निरोप तू दे." आणि त्या खरंच झोपल्या. कामगिरी माझ्यावर आली.

सांगायला सोपी होती. भाऊ विचारणार, सपना सांगणार, मी पोचवणार.

"तिला विचार, चाक काय म्हणतंय."

"सपना, चाक काय म्हणतंय?"

"सांग, उजवीकडे थोडं हलकं वाटतंय."

"भाऊ, उजवीकडे हलकं..."

तोवर धाडकन गतिरोधक गेला. काकींचं डोकं माझ्या खांद्यावर आपटलं आणि तिथेच राहिलं.

"तिला सांग, गतिरोधक येणार होता."

"सपना, गतिरोधक येणार होता."

"त्यांना सांग, कळलं."

पारोळ्याच्या अलीकडे कापसानं फुगलेली एक ट्रॉली उलट्या बाजूनं आली. भाऊंनी हात पुढे केला, "तिला सांग, बाजूला..." आणि माझ्या तोंडातून शब्द निघेपर्यंत सपनानं गाडी खडीवर उतरवून, दोन्ही हातांनी चक्र दाबून धरून, पुन्हा डांबरावर घेतलीही होती. ताटं हलली, सांडलं काही नाही. ट्रॉलीवाला आमच्याकडे बघून, जणू चूक आमचीच होती, हॉर्न वाजवत गेला. त्याच्यासाठी माझ्याकडे वेगळं पत्रक तयार आहे.

मग भाऊ पुढे बघत, पण मला उद्देशून म्हणाले,

"हे असं नाही चालायचं, ताई. मध्ये कॉम्प्युटर आला. खबर हातापर्यंत येईतो खड्डा मागे जातो."

"मी कॉम्प्युटर?"

"चांगला कॉम्प्युटर आहेस. पण उशिरा बोलतेस." त्यांनी घसा साफ केला. डोक्यावरचा फेटा नीट होता तरी नीट केला. "सपना, तूच सांग."

नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य. सपनाचे दोन्ही हात चक्रावर होते, ती पुढे बघत होती. माझ्या सीटवरून तिचा फक्त कान दिसत होता, तो लाल झाला होता. मी काकींकडे पाहिलं. काकींचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेल्या माणसाचं तोंड इतकं घट्ट मिटलेलं नसतं.

एक गाव गेलं. दुसऱ्याची पाटी दिसली. गाडी थोडी कुरकुरली.

"थरथर होतेय," सपना म्हणाली. आणि मग, जसं थंड पाण्यात पाय टाकावा तसं, "पापाजी."

"बारीक की जाड?"

"बारीक. डाव्या हाताला जास्त."

भाऊंनी डोळे मिटले. "म्हणजे मुकटी गाव आलं. पुढे दोन लांब खळगे आहेत, मग गुळगुळीत. खळग्यात चक्र घट्ट धरू नको, थोडं ढिलं सोड. ते आपलं आपण परत येतं."

दोन लांब खळगे आले. सपनानं चक्र ढिलं सोडलं, ते तिच्या तळव्यांतून सरकून परत जागेवर आलं.

"आलं," ती म्हणाली.

"येणारच. जुनं आहे, पण इमानी आहे."

आणि मग त्यांना थांबवणं कठीण झालं. सबंध रस्ताभर तो माणूस डोळे मिटून तिच्या हातांनी रस्ता वाचत होता. ती सांगायची, खरखर. ते सांगायचे, हे नवं डांबर. ती सांगायची, टिचकी; ते सांगायचे, पाइप टाकलाय आडवा, नवा दिसतो, मागच्या वर्षी नव्हता. एकदा ती म्हणाली, "आता काहीच म्हणत नाही, पापाजी," तर ते म्हणाले, "मग धुळं जवळ आलं. शहरात सगळेच कमी बोलतात." ती हसली. मी माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीचं हसणं पहिल्यांदा तिच्या सासऱ्याच्या विनोदावर ऐकलं. मला काही काम उरलं नव्हतं, आणि कामावरून काढल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पांझरेच्या पुलावर वाहनांची दाटी होती. तिथे जुनी गाडी हळूहळू वळवताना सपनाचे दंड थरथरत होते. नवी गाडी या जागी एका बोटानं वळली असती, हेही लिहिते. पत्रकात एक बाजू लिहिता येते. इथे दोन्ही लिहाव्या लागतात.

बहिणीच्या दारात ढोल वाजत होता. मांडवातल्या बायका माहेरची गाणी म्हणत होत्या. भाऊंच्या बहीण, सगळ्यांच्या आत्याबाई, चौरंगावर उभ्या होत्या. वाकलेल्या, पण नजर कडक.

"गाडी कोणी आणली?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. सपनाला चालकाच्या बाजूनं उतरताना त्यांनी पाहिलं होतं.

"आम्ही," भाऊ म्हणाले.

चुनरी आली. लाल, कडेला गोट्याची बारीक सोनेरी पट्टी लावलेली, घडी इतकी तलम की एकावर एक पदर चिकटलेले. भाऊंना तिची दोन टोकं सोडवून बहिणीच्या डोक्यावर घालायची होती. त्यांची बोटं घडीवरून फिरली, पुन्हा फिरली. कड त्यांना सापडत नव्हती. गाणं चालूच होतं, पण समोरच्या दोन-चार बायकांचं थांबलं. मुलगा पुढे सरकला. काकींनी त्याचा हात धरला.

भाऊंनी मान वळवली आणि सगळ्या मांडवात ऐकू जाईल अशा जिनिंगच्या आवाजात म्हणाले,

"सपना, कोपरा दे गं हातात."

ढोलवाल्याशिवाय सगळ्यांच्या माना सपनाकडे वळल्या. सपना पुढे आली, घडीतून एक टोक सोडवलं, भाऊंच्या बोटांत ठेवलं आणि ती बोटं आपल्या बोटांनी वरून मिटली.

"हा घ्या, पापाजी. धरलंय तुम्ही. आता बाकीचं सोडा मोकळं, ते आपलं आपण येईल."